भिंग खाली ठेवा: छाती पुन्हापुन्हा भरणाऱ्या सिगारेटवाल्यांसाठी

साताऱ्यात माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या खिशात एक भिंग असतं. चार रंगांचे ठिपके एकमेकांवर नीट बसलेत का, ते बघायला. गेल्या श्रावणात एका सकाळी मी त्याच भिंगातून टिश्यूवरचा माझाच बेडका बघत होतो, मशीनच्या दिव्याखाली धरून. पिवळ्यात निळा किती टक्के पडला म्हणजे असा हिरवा येतो, याचा हिशेब डोक्यात चालू होता. मागून मशीनवरचा पोरगा आला, त्यानं बघितलं आणि एक अक्षर न बोलता परत गेला. तेव्हा लक्षात आलं की छातीचं दुखणं आहेच, पण त्याच्या शेजारी आणखी एक दुखणं येऊन बसलंय आणि त्यावर आपण काहीच औषध घेत नाही.

माझं वय ४६. एकविसाव्या वर्षापासून सिगारेट, रोज बारा. दीड वर्षात छाती चार वेळा भरली: दोनदा पावसाळ्यात, दोनदा थंडीत. दर वेळी ताप तीन दिवसांत उतरायचा, खोकला तीन आठवडे चालायचा आणि धास्ती मात्र पुढचा खोकला येईपर्यंत पुरायची. ‘हा साधा खोकला नाही, हा तोच.’ त्याचं नाव मी तोंडानं घेत नसे. पाकिटावरचं चित्र दिसू नये म्हणून पाकीट पालथं ठेवायचो, पण २०१६ पासून चित्र दोन्ही बाजूंना असतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणते. मी तर वैऱ्याला पगारावर ठेवलं होतं.

मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मी चुकतमाकत शिकलेलं. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आधी कागद, मग धीर

बरं वाटत असतानाच डॉक्टरांकडे जा आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कशासाठी लगेच दवाखाना गाठायचा, कशासाठी एकदोन दिवसांत जायचं आणि कशासाठी सकाळपर्यंत थांबायचं. हा कागद ताप चढलेला असताना बनवता येत नाही, कारण तेव्हा सगळंच ‘लगेच’ वाटतं.

माझ्या कागदावर ‘लगेच’ खाली हे आहे. बसल्या जागी दम लागणं, दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागणं. ओठ निळसर पडणं. बोलण्यात भ्रम. खोकल्यातून रक्त. छातीवर दाब आणि त्याबरोबर जबड्यात किंवा हातात कळ, घाम. शेवटच्या ओळीखाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, “ही भीतीच असेल असं स्वतःच ठरवायचं नाही. पंचवीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसानं ईसीजी काढावा, नॉर्मल आला तर घरी जाऊन झोपावं. लाज कसली त्यात?” १०८ हा नंबर त्यांनी स्वतःच कागदाच्या वर लिहिला.

‘एकदोन दिवसांत’ खाली: तीन दिवसांनंतरही ताप, किंवा उतरून पुन्हा चढलेला. कफ वाढलाय, त्याचा रंग बदललाय आणि दमही वाढलाय, असं तिन्ही एकत्र. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला. कारण नसताना उतरलेलं वजन. तीन आठवडे बसलेला आवाज.

बाकी सगळं ‘सकाळी बघू’. हा कागद माझ्या उशाशी, प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये आहे. लॅमिनेशन आमच्याकडेच होतं, त्यामुळे फुकट.

आणि त्या भेटीत सिगारेटचा खरा आकडा सांगा. मी आठ वर्षं ‘तीनचार’ सांगत आलो होतो. खोटं सांगितल्याचा तोटा असा की डॉक्टर धीर देतात तो ‘तीनचार’ ओढणाऱ्याला. आपल्याला माहीत असतं आपण बारा ओढतो, म्हणून तो धीर गेटपर्यंतसुद्धा टिकत नाही. खरं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. वीस सिगारेटी म्हणजे एक पाकीट. रोजची पाकिटं गुणिले वर्षं. माझे ०.६ गुणिले २५, म्हणजे १५ ‘पॅक-इयर’. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन तपासणी म्हणून सुचवतात तो अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या आणि किमान २० पॅक-इयर झालेल्यांना. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग त्यात घोटाळा करतात, असंही ते म्हणाले. “आज तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. तुमचा आकडा वीसवर जाऊ देऊ नका, म्हणजे झालं.” पहिल्यांदा तो शब्द कुणीतरी माझ्यासमोर सरळ उच्चारला होता, आणि छत कोसळलं नाही.

मग तपासण्या झाल्या, प्रत्येकाला कारण होतं. छातीचा एक्स-रे. थुंकी, कारण आपल्या देशात दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे टीबी तपासायचाच. सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते. रक्तातली साखर, कारण वाढलेल्या साखरेनंही संसर्ग पुन्हापुन्हा होतात. आणि फुंकर मारायची ती चाचणी, पीएफटी. दम्याकडे किंवा सीओपीडीकडे (धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराकडे) वाटचाल आहे का, ते एक्स-रेपेक्षा त्यात कळतं. वारंवार ‘इन्फेक्शन’ होणाऱ्या बऱ्याच सिगारेटवाल्यांनी ती कधी केलेलीच नसते. माझ्यात थोडा अडथळा निघाला, पंपानं बराचसा सुटणारा. बरी बातमी नव्हती, पण नाव असलेली होती. बिननावाच्या गोष्टीपेक्षा ती सोपी जाते.

छाती पुन्हापुन्हा का भरते, हेही तेव्हाच समजलं. श्वासनळीच्या आत बारीक केस असतात, ते कफ वर ढकलत राहतात. धुरानं ते लुळे पडतात आणि कफ जागीच साचतो. साचलेल्या पाण्यात डास, तसं ते. म्हणजे चार वेळा छाती भरली याला एक साधं, कंटाळवाणं कारण होतं. मी मात्र त्याचा रहस्यपट करून बसलो होतो.

रात्री अडीच वाजता

धास्तीचा खरा बाजार रात्रीच भरतो. मी जागा व्हायचो, छाती आवळल्यासारखी, आणि हात सरळ ऑक्सिमीटरवर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायच्या यंत्रावर. एकदा ९३ दिसला. मी घाम फुटून उठलो, बायकोला हलवलं. तिनं माझं बोट हातात घेतलं. “अहो, बर्फ झालंय हे.” चोळून पुन्हा लावलं तर ९७. गार बोट, हलता हात, मेंदी किंवा नेलपॉलिश, इतक्या कारणांनी ते यंत्र चुकतं. पण मला ९७ वर समाधान झालं नाही. पहाटेपर्यंत दर दहा मिनिटांनी लावत राहिलो.

आता नियम असा: आजारपणात सकाळी ८ आणि रात्री ८. पाच मिनिटं बसून, हात गरम करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. वहीत लिहायचा आणि यंत्र बायकोच्या कपाटात. माझ्यासाठी ठरलेली रेघ ९४ ची. त्याखाली आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, तरीही खाली तर फोन. ९० च्या खाली किंवा कागदावरच्या ‘लगेच’मधलं काही दिसलं तर फोन नाही, गाडी. ज्यांचा सीओपीडी जुना आहे त्यांचा आकडा मुळातच कमी असू शकतो, त्यांनी माझी रेघ वापरू नये.

यंत्र कपाटात गेलं की पहिल्या चारपाच रात्री फार वाईट जातात. सहाव्या रात्री मी झोपलो. बघणं बंद झालं की भीती आधी चढते, मग कंटाळते. तिला कंटाळू द्यावं लागतं. प्रूफ वाचतानाचा माझा जुना अनुभव आहे: एकच ओळ विसाव्यांदा वाचली की बरोबर शब्दही चुकीचा दिसायला लागतो.

‘श्वास पुरत नाही’ वाटतं तेव्हा आपण मोठमोठे श्वास ओढायला लागतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. मग वाटतं, संपलंच. तेव्हा ओढायचं नाही, सोडायचं. पलंगाच्या कडेला बसा, कोपरं मांड्यांवर. दोन अंक मोजत नाकानं श्वास आत. मग बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार अंक मोजत बाहेर. दहा वेळा. जोर लावायचा नाही, चहा सांडायचा नाही.

आणि आमची घरगुती परीक्षा. बायको म्हणते, “राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतची दुकानं सांगा ओळीनं.” मी सांगू लागतो. एका दमात पूर्ण वाक्य येतंय म्हणजे हवा पुरतेय. दोन शब्दांनंतर अडलो असतो तर तिनं पायात चपला घातल्या असत्या. सहसा मी तिसऱ्या-चौथ्या दुकानाशी चुकतो आणि आम्ही भांडायला लागतो. भांडता येतंय हेही चांगलंच लक्षण.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर माझे दोन हजार वाचले असते. वाफारा, म्हणजे नेब्युलायझर, किंवा सल्बुटामॉलचा पंप घेतला की हात थरथरतात आणि छाती धडधडते. औषधाचाच गुण आहे तो, थोड्या वेळानं ओसरतो. मी पहिल्यांदा घेतला आणि वीस मिनिटांत हार्ट अ‍ॅटॅक आला म्हणून रिक्षानं परत दवाखान्यात. दम्यासाठीच्या थिओफिलिन असलेल्या गोळ्यांनीही धडधड होते. नवं औषध हातात पडलं की विचारा, “यानं मला काय काय वाटेल?” आधी कळलेली धडधड निम्मीच लागते.

दिवसा

बेडका सकाळी एकदा, नुसत्या डोळ्यांनी. दोनच प्रश्न: रक्त आहे का? कालपेक्षा खूप जास्त आहे का? नुसत्या रंगावरून जंतू कुठला ते डॉक्टरलाही ठरवता येत नाही, आणि मी तर रंगाच्या धंद्यात आहे. मला नाहीत त्या छटा दिसतात. भिंग आता छापखान्यातच असतं.

रिपोर्ट स्वतः वाचायचा नाही. माझ्या एक्स-रेवर लिहिलं होतं, ‘प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’. हे तीन शब्द मोबाइलवर टाकून मी अख्खी रात्र घालवली आणि पहाटे मुलीच्या शिक्षणाचा हिशेब करून ठेवला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, “अहो, श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्यांच्या रेषा जरा ठळक दिसतात, एवढाच अर्थ. निम्म्या रिपोर्टांवर असतं.” तेव्हापासून रिपोर्टचं पाकीट बंदच त्यांच्या टेबलावर जातं. मोबाइलवर शोधावंसं वाटलं की तो प्रश्न वहीत लिहायचा. भेटीच्या वेळी त्यातले तीनच विचारायचे. गंमत म्हणजे तीन निवडताना बाकीचे प्रश्न मलाच हास्यास्पद वाटतात.

न्युमोनिया झाला असेल तर एक्स-रेवरची सावली ताप उतरल्यावरही काही आठवडे राहते. आठव्या दिवशी हट्टानं दुसरा एक्स-रे काढून ‘अजून आहेच’ म्हणून झोप घालवू नका. सहा आठवड्यांनी सावली गेली का, ते मात्र बघाच. पन्नाशीच्या पुढच्या सिगारेटवाल्यांनी तर चुकवूच नये.

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या फेकून द्या. मी त्या ‘धीराच्या गोळ्या’ म्हणून ठेवायचो, घसा खवखवला की एक. अर्धवट घेतल्यानं काम होत नाही, आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या, टीबी असला तर, त्याला काही काळ झाकून ठेवतात. फ्लूची लस दर वर्षी आणि न्युमोकोकलची एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. छापखान्यात मी स्प्रे पावडर (छापलेले कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारायची) भरताना मास्क लावतो आणि झाडू बंद करून ओल्या फडक्यानं पुसतो. तुमच्या धंद्यात जी धूळ असेल तिचं तेच.

घरच्यांसाठी: “काही होत नाही तुम्हाला” हे वाक्य अर्धा तास टिकतं, मग माणूस परत विचारतो. माझी बायको दिवसाला वीस वेळा म्हणून थकली. आता ती एवढंच म्हणते, “वहीत लिहिलंत का?” सुरुवातीला राग यायचा. आईचं “म्हटलं नव्हतं?” मात्र बंद करायला सांगितलं. आपण हातानं ओढवून घेतलंय, ही टोचणी आम्हाला पुरेशी असते, आणि तिच्यामुळेच माणूस डॉक्टरकडे जायला लाजतो.

आणि सिगारेट

ईसीजी नॉर्मल आला त्या पहाटे मी दवाखान्याच्या गेटबाहेर पडून पहिली गोष्ट काय केली असेल? सिगारेट पेटवली. जिवंत आहोत या आनंदात. बायको रिक्षात बसून बघत होती.

भीती वाटली की सिगारेट, ओढली की खोकला, खोकला आला की भीती. हे चक्र मला दिसत होतं, पण त्यातला एक आरा दिसत नव्हता. रक्तातलं निकोटिन दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्री अकराला शेवटची ओढली की पहाटे तलफ चढते, आणि तलफ म्हणजे काय? चुळबुळ, धडधड, उगाच अनिष्टाची चाहूल. मी जिला आजाराची भीती समजत होतो, तिच्यातला एक हिस्सा निव्वळ तलफेचा होता. सकाळची पहिली सिगारेट मला ‘शांत’ करायची ती तिनंच रात्री केलेल्या उधारीवर. हे समजल्यावर ‘टेन्शन आहे म्हणून ओढतो’ हे वाक्य माझ्या तोंडून निघेना.

सोडायला पाकिटावरचाच नंबर उपयोगी पडला, १८००-११-२३५६. पंचवीस वर्षं पाकीट हातात धरणाऱ्यानं पाकीट वाचावं, इतकं साधं. फोन फुकट, मराठीत बोलता येतं, ते तारीख ठरवायला लावतात. निकोटिनचं च्युइंगगम घेतलं, तेही डॉक्टरांना विचारून, कारण मी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणारा, म्हणजे तलफ जोराची. ते पानासारखं चघळायचं नाही. तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोनचार वेळा चावायचं, अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा नाही. मी पहिलं चराचरा चावून गिळत राहिलो आणि उचकी लागली.

दोन सापळे सांगतो. सोडल्यावर खोकला आधी वाढू शकतो, कारण ते लुळे केस जागे होऊन साचलेलं बाहेर काढायला लागतात. मला वाटलं, झालं, सोडली तेव्हाच रोग उघडा पडला. नव्हता पडला. दुसरा सापळा चहा-कॉफी. धुरामुळे यकृत कॅफिन भराभर जाळत असतं. सिगारेट थांबली की तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. माझी दिवसाची पाच कप कॉफी तशीच चालू होती आणि मी धडधडीनं हैराण. अडीच कपांवर आलो, धडधड गेली. थिओफिलिनचंही असंच होतं, म्हणून सोडताना ती गोळी चालू असेल तर डॉक्टरांना कळवा.

दोनदा घसरलो. एकदा लग्नसराईत, पत्रिकेवर वराचं आडनाव चुकलं तेव्हा; एकदा काहीच कारण नसताना. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे म्हणे, पण समोरच्या टपरीवर मामा एक काढून देतोच. आता मीच त्याला सांगून ठेवलंय. तो मला बडीशेप देतो, पैसे मात्र घेतो. सात महिने झाले.

सोडायची हिंमत नसेल तरी वरचं बाकी सगळं करा. ‘आधी सोड, मग घाबरायचं बघू’ असं मला सांगणारे लोक बरोबर होते, पण रात्री अडीचला त्यांचा काही उपयोग नव्हता.

तपासण्या ठीक येऊनही सहासहा महिने डोक्यातून जात नसेल, धंदा, झोप, घर बिघडत असेल तर तो स्वतःचा असा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, २०२२ पासून, दिवसरात्र, फुकट. मी एकदा केला, रात्री एकला, गच्चीवर जाऊन. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, भीती वाटते तेव्हा तुम्ही नेमकं काय करता? मी भिंगाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. पुढे डॉक्टरांनी एका समुपदेशकाकडे पाठवलं. वेळा ठरवून बघायची युक्ती तिथली.

या जूनमध्ये पाचव्यांदा छाती भरली. वही समोर आहे, त्यातलं एक पान तसंच उतरवतो.

‘दिवस ९. सकाळी ८: ९६. ताप नाही. बेडका कालसारखा. रात्री ८: ९७. रात्री २.४०: डाव्या बरगडीखाली टोचतंय. श्वास घेताना नाही, कुशीवर वळताना. कागदावर नाही. सकाळी बघू.’

खाली दुसऱ्या दिवसाची नोंद आहे. त्यात ९६, खोकला कमी, आणि कुठल्या तरी बिलबुकाच्या पाचशे प्रतींचा हिशेब. टोचण्याचं बघायचं राहूनच गेलं होतं.